डुकरे आणि पोर्किया

फ्रिस्को, ७ नोव्हेंबर २००५

प्रिय शैलजामावशी,

दिवाळीचं पाकीट मिळालं. चकल्यांचा चुरा झाला होता, तरी शिवांगीने तो चमच्याने खाल्ला. तू ईमेल उघडत नाहीस, आणि फोनवर बोलायचं तर केदार नाहीतर शिवांगी आसपास असतेच. म्हणून आज कागद काढला.

केदारचा सिटिझनशिपचा अर्ज गेलाय. माझा अजून नाही. भारताचा पासपोर्ट सोडायचा म्हटलं की हात थांबतो. या अर्जात एक सोय असते. सिटिझन होताना नाव बदलायचं असेल तर वेगळा वकील लागत नाही. इंटरव्ह्यूला सांगायचं, कागदावर सही करायची, आणि शपथविधीच्या दिवशी जज ते मंजूर करतात. केदारच्या मनात आडनाव बदलायचं आहे. त्याच्या पणजोबांकडे काही वर्षं गावची पाटीलकी होती, तेव्हा 'पाटील' लावलं तर ते खोटंही होणार नाही. शिवांगीचं मग इथल्या कोर्टातून वेगळं करून घेऊ.

कारण तुला सांगायला नको. अमेरिकन लोकांना काही फरक पडत नाही. ऑफिसात त्याला 'मिस्टर डूक्री' म्हणतात आणि कामाला लागतात. प्रश्न आपल्याच लोकांचा आहे. परवा मंडळाच्या दिवाळीत लकी ड्रॉ होता. निवेदकाने चिठ्ठी उघडली, "केदार" म्हणाला, थांबला, आणि माइकवरच शेजारच्याला विचारलं, "खरंच हेच आहे का रे?" मग वाचलं. सगळा हॉल हसला. केदार हसत स्टेजवर गेला आणि इडलीपात्र घेऊन आला. पण घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. त्याला किती लागलं असेल ते मला कळतं.

शिवांगीनेही रविवारचा मराठी क्लास उन्हाळ्यात सोडला. विचारलं तर "बोअरिंग आहे" म्हणते. दहा वर्षांची पोर खरं कारण कशी सांगेल? तिथली मुलं तिला काय म्हणत असतील त्याची मला कल्पना आहे.

तू बावीस वर्षं नेपरव्हिलच्या मुलांना लॅटिन शिकवलंस, संस्कृत तुझं घरचंच. नावं कशी बनतात, कशी बदलतात, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? केदारला तुझ्याबद्दल आदर आहे. 'पाटील' ठीक आहे असं तू त्याला दोन ओळी लिहून कळवलंस तर त्याचं मन घट्ट होईल. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझी,
आसावरी


नेपरव्हिल, २० नोव्हेंबर २००५

चि. केदारराव यांस आशीर्वाद.

तुमचा आडनाव बदलण्याचा बेत आसावरीने कळवला आणि मी तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं सुचवलं. ओळी जास्त होतील, आणि तिला हव्या तशा होतील असंही नाही. पण तिनेच लिहायला सांगितलं आहे, तेव्हा दोष तिचा.

मी एकाहत्तर साली इथे आले ती संस्कृतची बी. ए. होऊन. त्या पदवीचं इथे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. हे सकाळच्या गाडीने शिकागोला जात, बाहेर बर्फ, आणि मी घरात. शेवटी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. संस्कृतच्या जवळचं काय, असं विचारलं तर तिथल्या बाईंनी लॅटिनच्या वर्गाकडे बोट दाखवलं. त्या वर्गात एके दिवशी 'पोर्किउस' हे नाव आलं. रोममधलं एक जुनं, मोठं घराणं. मी वहीत त्याच्या शेजारी मराठीत 'डुकरे' लिहिलं. तुम्ही तेव्हा गावी पहिलीत-दुसरीत असाल. आपली भेट व्हायला अजून वीस वर्षं होती.

पोर्कुस म्हणजे डुक्कर, पाळीव. त्याला 'इउस' हा प्रत्यय लागला की पोर्किउस: डुकराचा, म्हणजे डुकरं बाळगणाऱ्यांच्या घरातला. रोमन घराण्याचं नाव हे मुळात विशेषण असतं, केदारराव. म्हणून ते ज्याला लागतं त्याचं लिंग घेतं, आपल्या काळा, काळी, काळंसारखं. मुलगा पोर्किउस, मुलगी पोर्किया. या घराण्यातल्या एकाने रोमच्या मुख्य चौकाजवळ मोठी सार्वजनिक इमारत बांधली, ती बासिलिका पोर्किया. इमारत स्त्रीलिंगी आहे ना, म्हणून. आपण 'डुकऱ्यांची विहीर' म्हणू तसं. आणि रोमन नागरिकाला चाबकाने मारता येणार नाही, असे जे कायदे झाले, तेही याच घराण्यातल्या माणसांनी आणले. त्यातल्या प्रत्येकाचं नाव लेक्स पोर्किया; लेक्स म्हणजे कायदा. पाठीवर फटके पडायची वेळ आलेला माणूस या नावाचा आधार घेत असे.

हे नाव पडलं कसं? अभ्यासकांचं बहुतेक एकमत आहे की जनावरांवरून. शेतीवर लिहिणाऱ्या एका जुन्या रोमन माणसाने अशी आणखी आडनावं नोंदवली आहेत, मेंढ्यांवरून, शेळ्यांवरून, बैलांवरून, गाढवांवरून आलेली. आमच्या गोठ्यात काय आहे ते विचारा, एवढाच त्या नावांचा अर्थ. ज्या घरी डुकरं, त्या घरी हिवाळ्यात उपास नाही.

लॅटिनमध्ये डुकराला 'सूस' असा दुसराही शब्द आहे. तो आणि आपला 'सूकर' एकाच मुळातले. 'डुक्कर' कुठून आला हे मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही. तुमच्या घराण्याचं नाव कशावरून पडलं तेही नाही. तुमच्या वडिलांना, अण्णांना ठाऊक असेल, त्यांना विचारा.

लोक हसतात म्हणून बदलत असाल तर थोडं थांबा, एवढंच म्हणते. दुसरं काही कारण असेल तर ते मला सांगायची गरज नाही.

शुभाशीर्वाद,
शैलजामावशी


फ्रिस्को, ११ डिसेंबर २००५

ती. मावशींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मेलबॉक्समधून मीच काढलं. आसावरीला अजून दाखवलेलं नाही, आणि हे उत्तर मी ऑफिसातून लिहितोय. पत्रं लिहायची सवय गेली आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मावशी, नाव बदलायचा बेत माझा नाही.

मी औरंगाबादला होस्टेलला होतो तेव्हा पहिल्या आठवड्यात पोरं रोज माझ्या खोलीबाहेर उभी राहून डुकराचा आवाज काढायची. एक सर समजूत घालायला म्हणाले, "अरे, वराह हा विष्णूचा अवतार आहे." त्याने तर जास्तच हसले सगळे. मग मला एक युक्ती सुचली. कोणी नवीन भेटला की मीच आधी मोठ्याने सांगायचो, "केदार श्रीराम डुकरे." मी एवढ्या जोरात सांगितल्यावर हसणाऱ्याकडे काही उरायचं नाही. दिवाळीपर्यंत आवाज बंद झाले. त्यातले दोघं आजही फोन करतात, "काय डुकऱ्या" म्हणूनच. ते 'केदार' म्हणाले तर मला वाटेल काहीतरी वाईट घडलंय.

इथे शेजारी डॅलसला पहिली नोकरी लागली तेव्हा क्युबिकलवर माझ्या नावाची पाटी लावली होती. येणारेजाणारे वाचायचे, कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. नाव म्हणजे नुसतं नाव. मी तीन-चार वेळा बाहेर जाऊन ती पाटी बघून आलो.

त्या दिवशी दिवाळीतून येताना गाडीत मी गप्प होतो, कारण आसावरी खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला इडलीपात्र मिळाल्याचा आनंद झाला होता, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती.

अण्णांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बदल की बापू. तुला तिथं ऱ्हायचंय, आमचं काय." आणि पावसाचं बोलायला लागले.

मग मी हो का म्हणतोय, तर तुम्हाला माहीतच आहे. आसावरीने माझ्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या घरचे दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. लग्नाला तिच्या बाजूने तुम्ही एकट्या होतात, नेपरव्हिलहून आलेल्या. जात तर होतीच, पण तिच्या आईने सगळ्यांसमोर हे आडनाव दोनदा उच्चारून दाखवलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तिने तेव्हा सगळं सोसलं आणि माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता पहिल्यांदा मागतेय. मी नाही कसं म्हणू?

हे तिला कळू देऊ नका.

पोर्किउसचं वाचून फार बरं वाटलं. कायद्याचं तर दोनदा वाचलं.

आपला,
केदार


नेपरव्हिल, १५ जानेवारी २००६

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

इथे चार दिवस बर्फ थांबलेलं नाही. शेजारचा देवांग येऊन वाट साफ करून देतो, त्यामुळे मेलबॉक्सपर्यंत तरी जाता येतं.

तू सांगितल्याप्रमाणे केदाररावांना लिहिलं. तुझ्या मनासारखं ते झालं नसावं. त्यांना घराण्याच्या नावाचं पुरुषी व्याकरण लिहिलं होतं. बायकांचं राहिलं, ते तुला लिहिते.

जुन्या रोमन मुलीला स्वतःचं असं वेगळं नाव बहुधा नसेच. बापाच्या घराण्याचं नाव स्त्रीलिंगी केलं की झालं बारसं. दोन बहिणी असल्या तर दोघी पोर्किया, एक थोरली, एक धाकटी. हे शिकवताना वर्गातल्या मुली चिडायच्या, आणि मी त्यांना चिडू द्यायची. पण पुढचं ऐकून गप्प व्हायच्या. लग्न झालं तरी ती पोर्कियाच राही. नवऱ्याचं नाव तिला लागत नसे.

तुझी आई मला सिंधू म्हणते. तुला वाटत असेल, लाडाचं नाव. माझं खरं नाव तेच होतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने 'शैलजा' लिहिलं गेलं आणि माझ्या बी. ए.च्या सर्टिफिकेटवरची मुलगी कोण, हे पुढे प्रत्येक ऑफिसात सिद्ध करावं लागलं. शैलजा काही वाईट नाव नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

तू चिटणीसच राहिलीस. त्या वेळी तू मला लिहिलं होतंस की आपलं नाव आपल्याला विचारल्याशिवाय कोणी बदलू नये. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी यांना वाचून दाखवलं होतं.

शिवांगीला विचारलंस का? तिला काय वाटत असेल ते तू लिहिलंस, तिने काय सांगितलं ते लिहिलं नाहीस.

तुझी,
मावशी


फ्रिस्को, १२ मार्च २००६

प्रिय मावशी,

पत्र मिळून बरेच दिवस झाले. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता, वीकेंडलाही काम होतं.

केदारचा इंटरव्ह्यू झाला. नाव बदलायच्या कागदावर त्याने सही केली. शपथविधी उन्हाळ्यात असेल. तेव्हा हा विषय आता संपला असं समज.

तुझं आणि माझं वेगळं आहे, मावशी. चिटणीस म्हटल्यावर कोणी तोंडावर हात धरत नाही. लहान मुलीला विचारून असे निर्णय घेतले तर तिला शाळेतही पाठवता येणार नाही.

केदारने तुला काही लिहिलं का? तो हल्ली फार शांत आहे. विचारलं तर "काही नाही" म्हणतो.

तब्येतीला जप.

आसावरी


फ्रिस्को, १६ जुलै २००६

प्रिय मावशी,

चार महिने तुला लिहिलं नाही, आणि तूही मला टोचलं नाहीस. आता सगळं लिहिते.

मे महिन्यात एकदा शिवांगीला स्विमिंगहून घरी आणत होते. तिचे केस ओले, मागच्या सीटवर चिप्स खात बसलेली. म्हटलं, आता सांगून टाकू. मी म्हणाले, "शिवू, बाबा सिटिझन झाला ना, की तो पाटील होणार. तूसुद्धा."

"व्हाय?"

"लोक हसतात म्हणून."

"हू?"

मला पटकन नाव सांगता येईना. मी म्हणाले, "तुझ्या मराठी क्लासमधली मुलं हसायची ना? म्हणूनच तू सोडलास ना?"

"नो." तिने चिप्स खाणं थांबवलं. "आय क्विट बिकॉज ऑफ यू, आई."

मी विचारलं, मी काय केलं. ती अगदी शांतपणे सांगायला लागली, जणू पुष्कळ दिवस तयार ठेवलं होतं. "तू ड्रॉप करताना म्हणायचीस, जस्ट से शिवांगी. टीचरने फुल नेम विचारलं की तू आधी आन्सर करायचीस, आणि लास्ट नेम यू से इट रिअली सॉफ्टली. माझ्या स्कूलमध्ये तू असं नाही करत. ओन्ली देअर. सो आय थॉट, देअरच काहीतरी बॅड आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "मुलं हसायची फर्स्ट डेला. मग दे फर्गॉट. यू डिडन्ट."

आमचा एक्झिट केव्हा मागे गेला मला कळलं नाही. पार पुढे जाऊन वळावं लागलं.

मावशी, पहिल्या पत्रात मी केदारचं नाव पुढे केलं होतं. ते खरं नव्हतं, आणि तू ते केव्हाच ओळखलं असणार. मी आईच्या विरोधात जाऊन लग्न केलं, आणि आईचं ते हसणं मात्र माहेरच्या सामानाबरोबर इथवर घेऊन आले.

त्या रात्री केदार भांडी घासत होता. मी म्हणाले, "तो कागद मागे घेऊ या."

तो म्हणाला, "कोणासाठी? तुझ्यासाठी की माझ्यासाठी?"

"मला नाही माहीत."

"मग माहीत झालं की सांग. मी दोन्हीकडून तयार आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. इतकी वर्षं तो माझ्यासाठी तयारच राहिला आहे. त्याला स्वतःला काय हवंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते त्या वेळी विचारलं. हातातली कढई त्याने आधी धुऊन ठेवली. मग म्हणाला, "मला डुकरेच राहायचंय, आसावरी. पण तुला दुखवून नको." मग आम्ही बराच वेळ बोललो. सगळं इथे लिहीत नाही. भांडलोही. तुझं पत्र त्याने तेव्हा मला दाखवलं. माझ्या आधी त्याला पोर्किउस कळला होता याचाही मला राग आला.

शपथविधी मागच्या शुक्रवारी झाला. कोर्टाबाहेर दोन रांगा होत्या, नाव बदलणाऱ्यांची वेगळी. आम्ही त्या रांगेत उभे राहिलो, कारण कागद तिथेच होता. शिवांगी मध्ये, हातात छोटा झेंडा. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं आणि मीच बोलून गेले, "केदार श्रीराम डुकरे." स्पेलिंगही सांगितलं, आणि "नो चेंज, प्लीज" म्हणाले.

त्या म्हणाल्या, "मॅम, हे त्यांनी सांगायला हवं."

केदार म्हणाला, "नो चेंज."

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, एक सही घेतली आणि आम्हाला दुसऱ्या रांगेत पाठवलं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी विचारतील, समजावतील. आमच्या मागे अजून शंभर माणसं होती.

घरी येऊन केदारने गावी फोन लावला. तिथे पहाट होती. तो म्हणाला, "अण्णा, नाव तेच ठेवलं." स्पीकर लावला होता, त्यामुळे मी ऐकलं. अण्णा म्हणाले, "बरं केलंस. तवा मी हो म्हणलो खरं, पण त्या दिशी माझं जेवण गेलं न्हाई." मग त्यांनी मला फोनवर बोलावलं आणि शिवांगी किती उंच झाली ते विचारलं. मी मापून सांगते म्हणाले.

सर्टिफिकेटवर त्याचं पूर्ण नाव आलंय. आईलाही मी परवा फोनवर सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "सिंधू काय म्हणाली?" काय सांगू ते कळव.

तुझी,
आसावरी


फ्रिस्को, २३ सप्टेंबर २००७

मावशीआजी,

हे पत्र मी सांगते आणि बाबा लिहितो, कारण माझं मराठी स्पेलिंग होरिबल आहे. (ती बोलते तसंच लिहितोय. केदार.)

मी सेव्हन्थमध्ये लॅटिन घेतलं. आई म्हणाली स्पॅनिश घे, यूजफुल आहे. बाबा काही म्हणाला नाही, पण त्याने लगेच डिक्शनरी आणली. (खरं आहे.)

आमच्या मॅडमना मागिस्त्रा म्हणायचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एक रोमन नाव घ्यायचं असतं, इयरभर तेच. सगळ्या मुलींना ज्युलिया पाहिजे होतं, चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. मी पोर्किया घेतलं. त्यासाठी कोणीच नव्हतं.

मागिस्त्राने विचारलं, हे का? मी सांगितलं, हे माझंच नाव आहे, ट्रान्सलेट केलेलं. त्यांना वाटलं मी जोक करतेय. मग मी बोर्डवर लिहून दाखवलं, डुकरे इकडे, पोर्कुस तिकडे, आणि मध्ये पिग. क्लास हसला. नीनाला तर उचकी लागली. मी पण थोडी हसले, ते स्पेलिंग फनी दिसतं म्हणून. मग मागिस्त्रा म्हणाल्या, आता अटेंडन्स.

तुला माहीतच असेल, पण मला नवीन होतं. लॅटिनमध्ये हाक मारताना मुलांची नावं बदलतात. मार्कुसला त्या मार्के म्हणाल्या, युलिउसला युली. तो विचारत होता, माझं नाव बदललं का. मुलींची बदलत नाहीत. असतं तेच राहतं. (हे मलाही माहीत नव्हतं.)

माझा नंबर शेवटी होता. त्या म्हणाल्या, पोर्किया. मी म्हटलं, अॅडसुम. म्हणजे, मी आहे.

शिवांगी केदार डुकरे
(सही तिची आहे.)